राक्षसिणीचं लुगडं काळं कुणी केलं?

हातातलं काम चालू ठेवा, भाकरी तव्यावर असेल तर असू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही कपड्यांबद्दल बोलणार आहोत, पण हे बाजारातले कपडे नाहीत, गोष्टीतले आहेत.

रामायण, महाभारत, पुराणं यांचं एक मोठं जग आहे. त्यात देव आहेत, राक्षस आहेत, वानर, नाग, अप्सरा, वनातले ऋषी आहेत. यांतल्या कुणालाही आपण डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी कोण काय नेसतं हे आपल्याला अगदी पक्कं ठाऊक असतं. लक्ष्मीला लाल-गुलाबी साडी, ऋषीला भगवं, राजाला मुकुट, राक्षसिणीला काळं. हे आपल्याला कुणी सांगितलं? आम्हाला हा प्रश्न पडला तो एका शिलाईच्या कामामुळे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाला एका शाळेच्या गॅदरिंगचे कपडे शिवायचं काम मिळालं. रामायणाचं नाटक, मुलं 24. गटाकडे मशीन 4, हात भरपूर, आणि थंडीच्या दिवसांत शेतातली कामंही जरा उरकलेली. आम्ही आनंदानं हो म्हटलं. मग शाळेकडून यादी आली. राम, लक्ष्मण, सीता यांना पिवळं सॅटिन आणि सोनेरी लेस. राण्यांना जरीकाठ. वानरांना तपकिरी. आणि यादीच्या शेवटी लिहिलं होतं, राक्षसिणी 6, साधं काळं कापड, खालच्या कडा फाडलेल्या. त्या 6 जणींत मंदोदरीही धरलेली होती, म्हणजे लंकेची पट्टराणी.

आम्ही मापं घ्यायला गेलो. मापं घेता घेता लक्षात आलं की या सहाही मुली सावळ्या आहेत. उजळ रंगाच्या मुली राण्या आणि सख्या झाल्या होत्या. सहांतली एक आमच्याच गटातल्या एका ताईंची लेक. दुसऱ्या दिवशी ताई मशीनवर बसून तेच काळं कापड शिवत होत्या. लेक शेजारी बसलेली. तिनं विचारलं, "आई, मी काळी आहे म्हणून मला हे दिलंय का?" ताईंना उत्तर देता आलं नाही. आम्ही तिथं चौघी होतो, आम्हालाही आलं नाही.

त्या आठवड्याच्या बैठकीत हप्त्यांची वसुली लवकर उरकली आणि मग याच विषयावर बोलणं सुरू झालं. एक आजी म्हणाल्या, "असंच असतंय गं, राक्षसीण काळीच असती." दुसरी म्हणाली, "पण कुठं लिहिलंय तसं?" हा प्रश्न आम्ही सोडला नाही. आमच्यातल्या एकीनं बी.ए. इतिहास घेऊन केलेलं आहे. तिनं वाचनालयातून पुस्तकं आणली, आणि पुढचे काही दिवस काज-बटणं करता करता एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं चाललं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

सगळ्यात आधी वाल्मीकींचं रामायण उघडलं. सुंदरकांडात हनुमान रात्री लंकेत शिरतो आणि सीतेला शोधत रावणाच्या महालात येतो. तिथं झोपलेल्या स्त्रियांचं मोठं वर्णन आहे. त्यांच्या अंगावर उंची वस्त्रं आहेत, हार आहेत, कर्णभूषणं आहेत. त्यांत एका वेगळ्या पलंगावर मंदोदरी झोपलेली आहे. वाल्मीकी तिला गोरी, सोन्यासारख्या कांतीची म्हणतात. ती इतकी सुंदर आणि दागिन्यांनी नटलेली असते की हनुमानाला वाटतं, हीच सीता! तो आनंदानं उड्या मारतो, स्वतःच्या शेपटीचं चुंबन घेतो. मग भानावर येतो आणि विचार करतो की रामापासून दूर असलेली सीता अशी नटून निवांत झोपणार नाही.

पुढे अशोकवनात त्याला खरी सीता दिसते. तिच्या अंगावर एकच पिवळं रेशमी वस्त्र आहे, तेही मळलेलं, आणि ती उपासानं रोडावलेली आहे. म्हणजे बघा, मूळ गोष्टीत मळकं वस्त्र आहे सीतेच्या अंगावर, आणि भरजरी आहे मंदोदरीच्या. आमच्या यादीत याच्या बरोबर उलटं होतं.

सगळं आपल्या सोयीचंच लिहिलंय असं मात्र नाही, तेही सांगितलं पाहिजे. सीतेवर पहारा करणाऱ्या राक्षसिणी वाल्मीकींनी भेसूरच रंगवल्या आहेत, कुणी एका डोळ्याची, कुणी भल्यामोठ्या कानांची. पण त्यांच्यातच त्रिजटा आहे. बाकीच्या सीतेला धमकावतात तेव्हा त्यांना गप्प करणारी, आपल्याला पडलेलं स्वप्न सांगून सीतेला धीर देणारी हीच त्रिजटा. तीही राक्षसीणच.

रामायणातलाच आणखी एक प्रसंग वाचताना आमच्या गटातल्या बायका अगदी रंगून गेल्या. वनवासाला निघताना कैकेयी राम, लक्ष्मण आणि सीतेला वल्कलं आणून देते. वल्कल म्हणजे झाडाच्या सालीचं वस्त्र, वनात राहून तप करणाऱ्यांचा पोशाख. राम-लक्ष्मण ती नेसतात. सीतेला मात्र ते नेसताच येत नाही. एक तुकडा गळ्याशी, एक हातात, अशी ती लाजून उभी राहते. मग राम स्वतः पुढं होऊन तिच्या रेशमी वस्त्रावरूनच ते बांधून देतो. ते पाहून अंतःपुरातल्या बायका रडतात, आणि वसिष्ठ कैकेयीला खडसावतात की वनवास रामाला सांगितलाय, सीतेला नाही, ती आपल्या वस्त्रालंकारांतच जाईल. पहिल्यांदा नऊवारी नेसताना आपली जी त्रेधा उडाली होती ती सगळ्यांना आठवली. पण त्यात एक मुद्दाही आहे. कपडा हा त्या जगात ओळखपत्रासारखा आहे. वल्कल घातलं की राजकन्या तापसी झाली. म्हणून तर कैकेयीला ते घालायचं होतं आणि वसिष्ठांना ते नको होतं.

मग नाटकाचं पुस्तक पाहिलं. भरतमुनींचं नाट्यशास्त्र सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं मानलं जातं. त्यात कपडे, दागिने, रंगभूषा यांना आहार्य अभिनय म्हटलं आहे. वेषाचे 3 प्रकार दिले आहेत. शुद्ध, म्हणजे पांढरा. विचित्र, म्हणजे रंगीबेरंगी. आणि मलिन, म्हणजे मळका. पांढरा वेष देवळात जाताना, मंगल कार्यात, व्रत करताना. मळका वेष वेड्याला, दारू प्यालेल्याला, वाटसरूला, संकटात सापडलेल्याला. आणि रंगीबेरंगी कुणाला? देवांना, यक्षांना, गंधर्वांना, राजांना आणि राक्षसांना. देव आणि राक्षस एकाच रांगेत, दोघांनाही झगमगीत कपडे. अंगाचा रंग म्हणाल तर राक्षसांना काळसर रंगवायला सांगितलंय. पण काळसर रंग म्हणजे वाईट, असं आपण कसं म्हणणार? राम श्यामवर्णी, कृष्णाचं नावच कृष्ण. द्रौपदीचंही एक नाव कृष्णा, आणि महाभारतभर तिच्या रूपाचं कौतुक आहे. आपला पांडुरंग तर काळाच.

आता तुम्ही विचाराल, पुस्तकात काहीही असेल, प्रत्यक्षात लोकांनी देवांना कसे कपडे दिले? तर ज्या काळात मूर्ती घडली, त्या काळाचे दिले. जुन्या शिल्पांत बहुतेक स्त्री-पुरुषांच्या कमरेला न शिवलेलं वस्त्र, कंबरपट्टा आणि अंगावर एखादं उपरणं एवढंच दिसतं. आपल्याकडे अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रं पाहिली तर राण्यांच्या अंगावर दागिने भरपूर आणि कापड झिरझिरीत; शिवलेली चोळी किंवा अंगरखा दिसतो तो काही दासींच्या आणि नर्तकींच्या अंगावर. म्हणजे आज आपण ज्याला अंगभर कपडे म्हणतो ते तिथं राणीच्या नाही, दासीच्या अंगावर आहेत.

सूर्यदेवाची गोष्ट तर आणखी गमतीची. उत्तरेकडच्या अनेक जुन्या मूर्तींत सूर्याच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट आहेत. देवाच्या पायात बूट! कारण असं की कुषाण राजे मध्य आशियातल्या थंड मुलुखातून आलेले. मथुरेला सम्राट कनिष्काचा एक पुतळा सापडला, त्याचं डोकं तुटलेलं आहे, पण अंगावर लांब कोट आणि पायांत जाडजूड बूट स्पष्ट दिसतात. तोच वेष सूर्याला मिळाला, आणि पुढे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्याला उत्तरेकडच्या लोकांचा वेष द्यावा असं लिहिलंही गेलं. एकदा लिहिलं गेलं की ते कायमचं वाटायला लागतं.

इथं पंथांच्या कपड्यांबद्दलही थोडं सांगतो. भगवान बुद्धांच्या भिक्षूंचं चीवर हे तुकडे जोडून शिवलेलं असतं. त्याची कथा अशी की मगध देशात फिरताना बुद्धांना बांध घातलेली भातखाचरं दिसली आणि त्यांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंचं वस्त्र असं करता येईल का? आनंदानं त्या खाचरांसारखं तुकड्यांचं चीवर तयार करून दाखवलं. आपण गोधडी शिवणाऱ्या बायका, आपल्याला हे लगेच कळतं. जैनांत तर कपड्यावरूनच नावं पडली, श्वेतांबर म्हणजे पांढरं वस्त्र नेसणारे आणि दिगंबर म्हणजे दिशा हेच वस्त्र मानणारे. आपल्या महाराष्ट्रात महानुभाव पंथाच्या साधू-साध्वींचा वेष काळा म्हणून प्रसिद्ध. तिथं काळा रंग वैराग्याचा आहे, वाईटाचा नाही. पण यात एक मोठा फरक लक्षात घ्या. हे कपडे ज्यानं त्यानं स्वतः स्वीकारलेले आहेत. आपल्या हातानं घेतलेला वेष वेगळा आणि दुसऱ्यानं अंगावर घातलेला वेगळा.

मग आपल्या डोळ्यांपुढं जी लक्ष्मी, जी सरस्वती येते ती आली कुठून? त्यासाठी फार मागं जायला नको. 1848 साली केरळातल्या त्रावणकोर संस्थानात, किळिमानूर इथं राजा रविवर्मा यांचा जन्म झाला. पुराणातल्या प्रसंगांची चित्रं त्यांनी तैलरंगात काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांच्याकडून अशी 14 चित्रं करून घेतली. तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की दमयंती, शकुंतला, सीता यांना नेसवायचं काय? प्रत्येक मुलुखाची रीत वेगळी. ते भावाबरोबर देशभर फिरले, ठिकठिकाणचे पोशाख पाहिले, आणि आपल्या देवींना, नायिकांना साडी नेसवली. मुंबईत असताना मराठी स्त्रियांना समोर बसवून त्यांनी चित्रं काढली. त्यामुळं त्यांच्या कितीतरी चित्रांत आपल्याकडची नेसण आणि आपल्याकडचे दागिने दिसतात. मुलुखामुलुखाचा फरकही त्यांना चांगला ठाऊक होता. म्हैसूरसाठी काढलेल्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात 11 स्त्रिया आहेत, आणि प्रत्येकीचा पोशाख वेगवेगळ्या प्रांताचा.

1894 मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं छापून गावोगाव गेली. ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकायची बंदी होती त्यांच्याही भिंतीवर देव आले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याबरोबर असंही झालं की एका चित्रकारानं विचार करून निवडलेली साडी हीच देवीची खरी साडी ठरली. त्याच छापखान्यात उमेदीच्या काळात दादासाहेब फाळके यांनी काम केलं होतं. 1913 साली त्यांनी "राजा हरिश्चंद्र" हा चित्रपट काढला. बायका कामाला मिळेनात, म्हणून तारामती झाले साळुंके नावाचे पुरुष. पुढे 1917 च्या "लंका दहन" मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं. माणूस एकच. साडी नेसली की सीता, धोतर-मुकुट घातला की राम. कपडा काय करतो हे यापेक्षा सोपं करून कोण सांगणार?

रंगभूमीवरही तेच. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी "सीता स्वयंवर" रंगवलं. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत, "अललल डुर्र" म्हणत यायचे, म्हणून त्या नाटकांना लोक तेच नाव द्यायचे. लांब बसलेल्या माणसालाही दिव्याच्या उजेडात कळलं पाहिजे की राक्षस आला, म्हणून रंग भडक, वेष भडक. कोकणातल्या दशावतारात संकासुर काळ्या वेषात येतो, पण तो लोकांना हसवतो, पोरंसोरं त्याचीच वाट बघतात. आणि बालगंधर्वांच्या काळात तर पुरुषानं रंगमंचावर नेसलेला शालू पाहून घरातल्या बायका तसा नेसायला लागल्या. म्हणजे गोष्टीतलं जग आपल्याकडून कपडे घेतं आणि आपल्यालाही परत देतं. मग 1987 मध्ये टीव्हीवर रामायण आलं आणि उरलंसुरलं तेही ठरून गेलं.

कुणी म्हणेल, खोट्या जगातल्या कपड्यांची एवढी काय चर्चा? पण कुणी काय नेसायचं हे दुसऱ्यानं ठरवण्यात किती ताकद असते हे खऱ्या जगातल्या बायकांनी भोगलेलं आहे. ज्या त्रावणकोरात रविवर्मा जन्मले, तिथं नाडर समाजाच्या बायकांना छाती झाकायची परवानगी नव्हती. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षं झगडा केला, मार खाल्ला. 1859 मध्ये संस्थानानं जाहीरनामा काढून परवानगी दिली, पण वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसायचं नाही, ही अट ठेवूनच. रविवर्मा तेव्हा 11 वर्षांचे होते. आणि आपल्याकडे महाडला, डिसेंबर 1927 मध्ये, बाबासाहेब आंबेडकरांनी सभेतल्या बायकांना सांगितलं की ज्या नेसण्यावरून आणि ज्या जाड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडून द्या, लुगडं इतर बायकांसारखं नेसा. तेव्हा अनेक बायकांनी लगेच नेसण बदलली. लुगडं तेच, पण निऱ्या किती खाली सोडायच्या हे त्या दिवशी त्यांनी स्वतः ठरवलं.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही तिघी शाळेत बाईंना भेटायला गेलो. भांडायला नाही, कापडाचे नमुने घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "पण मुलांना ओळखू यायला हवं ना, राक्षस कोण ते." त्यांचंही खरंच होतं. आम्ही म्हटलं, ओळखू येईल, त्यासाठी फाटकं कशाला? मोठी नथ देऊ, उंच अंबाडा घालू, गडद हिरवी आणि मोरपंखी लुगडी देऊ. मंदोदरीला जरीकाठ. आणि अशोकवनातल्या सीतेला चकचकीत सॅटिन नको, धुऊन विटलेलं पिवळं द्या, कारण तिची ती अवस्था आहे. आम्ही पुस्तकातलं पानही दाखवलं. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "करा मग."

गटातल्या बायकांनी पेटीतल्या जुन्या साड्या काढून दिल्या. काठ चांगले होते, ते उसवून लावले. नवीन कापड कमी लागलं, शाळेचा खर्चही वाचला. शिलाई ठरलेली तेवढीच मिळाली. नाटकातली कामं मात्र बदलली नाहीत, ती आधीच वाटून झाली होती. पुढच्या वर्षी कामं चिठ्ठ्या टाकून द्यायची, असं बाईंनी कबूल केलंय. ते होतं की नाही यावर आमचं लक्ष राहील.

ताईंची लेक त्रिजटा झाली. हिरवं लुगडं, नाकात नथ. सीतेला धीर देण्याचं तिचं वाक्य होतं, ते तिनं खणखणीत म्हटलं. आईला विचारलेला प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. पण ती तो विसरली, असं आम्ही म्हणणार नाही. तो प्रश्न एका नाटकापुरता नव्हता.

आणि ते काळं कापड? ते वाया गेलं नाही. गॅदरिंग झालं तेव्हा संक्रांत तोंडावर होती. आपण वर्षभर काळ्या रंगाला नाकं मुरडतो आणि संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकवाला जातो. त्या कापडाची आम्ही 6 झबली शिवली, चांदण्यांची खडी काढली, आणि बोरन्हाणाच्या बाळांना विकली. चांगली खपली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटाकडे असं काम आलं, किंवा शाळेत, गणपतीच्या देखाव्यात, वेषभूषेच्या स्पर्धेत तुमची मुलं उभी राहिली, तर कापडाला कात्री लावण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा. हे काम या मुलीला का दिलं? आणि हा रंग तिलाच का? उत्तर "असंच असतंय" असं आलं, तर पुढचा प्रश्नही विचारा, "कुठं लिहिलंय?" आम्ही विचारला, आणि आम्हाला सूर्याच्या पायातले बूट सापडले.

तुमच्याकडे नाटकात, जत्रेत, सोंगात कोण काय नेसतं, ते गटाच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते इथंच वाचून दाखवू. तोवर रजा घेतो. नमस्कार.